स्वखर्चाने काढलेली अद्भुत कादंबरी आणि दिवाणाखालच्या १६३ प्रती

पाणक्या | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता. जाहिरात वाटेल म्हणून टाळत होतो, तर आधीच सांगून टाकतो: पुस्तकाचं नाव इथे देणार नाही.

चौदा महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या पैशाने एक कादंबरी छापली. प्रकार अद्भुत, म्हणजे हल्ली ज्याला फँटसी म्हणतात तो. घडते पुण्यात. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, त्या नळावर मधेमधे हवेसाठी उच्छ्वास बांधले आणि पेठांमध्ये हौद. साततोटी, फडके हौद ही नावं चौकांना अजून आहेत. हौद कुठाय विचारलं तर माणसं तोंडाकडे बघतात. माझ्या गोष्टीत त्या नळात अजून वस्ती आहे. एवढं पुरे.

आधी चार प्रकाशकांकडे जाऊन आलो. दोघांकडून काहीच उत्तर नाही. तिसरे म्हणाले, "जादू काढा, ऐतिहासिक करा." चौथे म्हणाले, "खून काढा, मुलांसाठी करा." दोघांचं ऐकलं असतं तर कात्रजच्या नळाची माहितीपुस्तिका उरली असती. बायको म्हणाली, "तूच काढ, नाहीतर म्हातारपणी हेच ऐकावं लागेल मला." मग काढली.

हिशेब उघडा ठेवतो, कारण मी शोधत होतो तेव्हा कुणी सांगत नव्हतं. डेमी आकार, ३०४ पानं, ५०० प्रती.
कागद, छपाई, बांधणी: ५८,०००
मुखपृष्ठाचं चित्र: १२,०००
अक्षरजुळणी, पानाला ४० प्रमाणे: १२,१६०
मुद्रितशोधन: ९,०००
एकूण ९१,१६०. म्हणजे प्रत पडली १८२ रुपयांना. छापील किंमत ३५०. दुकानाला ४५ टक्के सोडून हातात १९२ रुपये ५० पैसे. प्रतीमागे दहा रुपये सुटतात, तेही दुकानाने पैसे दिले तर.

पण खरं रडगाणं पैशाचं नाही, फळीचं आहे. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात गेलो. मालकांनी पुस्तक चाळलं, मुखपृष्ठ आवडलं, आणि विचारलं, "हे लावू कुठे?" म्हटलं, कादंबरीत. "कादंबरी म्हणजे ऐतिहासिक, सामाजिक की रहस्य?" मी म्हटलं, अद्भुत. ते म्हणाले, "तशी फळी नाही." शेवटी बालसाहित्यात लावली. एका आजींनी आठ वर्षांच्या नातवासाठी घेतली. माझा नंबर मागच्या पानावर आहे. चौथ्या दिवशी फोन: "पान १४० वर गळा चिरलाय, लाज वाटत नाही का?" माफी मागितली, पैसे परत द्यायला एरंडवण्यात गेलो. आजींनी ३५० रुपये मोजून घेतले. पुस्तक मागितलं तर म्हणाल्या, "ते कसं देऊ? माझं वाचून व्हायचंय अजून."

तर मुद्दा असा: मराठीत हे वाचणारे आहेत, त्या आजी आहेतच. पण दुकानात त्यांनी नेमकं काय मागायचं, त्याला नावच नाही. इथे आणखी कुणी स्वतः पुस्तक काढलंय का? तुम्ही काय केलंत?

---

मु_पो_कोथरूड | सोमवार, रात्री ११:५२

वाचतोय. पण एक रोखठोक, हलके घ्या. चार जणांनी नाकारलं याचा अर्थ चार जण चुकले, असंच का? स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की जग आंधळं आहे. माझ्याकडे अशी सहा पुस्तकं भेट आलीत, पैकी पाच कवितांची. एकही पुरं झालं नाही.

आणि अद्भुतच वाचायचं तर इंग्रजीत ढीग पडलाय. मराठीत कशाला?

---

खिळेजोड | मंगळवार, सकाळी ६:४०

नारायण पेठेत एका छापखान्यात एकतीस वर्षं काढली, शिशाच्या खिळ्यांपासून ऑफसेटपर्यंत. पाणक्याजी, हिशेब वाचला. फसवलं नाही तुम्हाला कुणी. दोन गोष्टी मात्र कुणीतरी सांगायला हव्या होत्या.

३०४ पानं म्हणजे सोळा पानी बरोबर एकोणीस फॉर्म, म्हणजे एका कागदावर छापून घडी घातलेले गठ्ठे. हे ठीक. कागद कुठला, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ना? मग प्रत भरली असेल ३४० ग्रॅमच्या आसपास. पोस्टाची पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट म्हणून सेवा आहे, तिचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंत आहे. ६० जीएसएम घेतला असता तर २९४-९५ ग्रॅम. अर्थात मग पाकीट कसलं वापरायचं हा प्रश्न, आणि ६० च्या कागदाला मागची अक्षरं पुढे दिसतात. पण निदान विचार करून ७० घेतला असता.

दुसरं. ५०० एकदम का? ऑफसेटला प्लेटा एकदा लागल्या की प्रती वाढवाव्यात तसा दर उतरतो, म्हणून छापखानेवाला ५०० च सांगणार. मीही तेच सांगत होतो. पण नवख्याने डिजिटलवर शंभर काढाव्यात. प्रत महाग पडते, मात्र दिवाण रिकामा राहतो. आणि शंभरात सापडलेल्या चुका पुढच्या शंभरात दुरुस्त होतात.

बाइंडिंग शिलाईचं की नुसतं गमचं?

---

पाणक्या | मंगळवार, सकाळी ९:०५

@खिळेजोड काका, गमचं. आणि पावसाळ्यात मुखपृष्ठाचे कोपरे पापडासारखे वळलेत. ग्रॅमचं वाचून डोक्याला हात लावला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आत्ता ठेवलं: ३४२.

@मु_पो_कोथरूड, जग आंधळं आहे असं मी म्हटलेलं नाही, फळी नाही असं म्हटलंय. चौघांपैकी दोघांनी वाचून नाकारलं, त्यांचा मान आहेच. पण दोघांनीही वाईट आहे म्हणून नाही, विकायचं कसं कळत नाही म्हणून नाकारलं. तेही बरोबरच निघालं, मलाही कळत नाहीये.

इंग्रजीत ढीग आहे, मान्य. पण त्या ढिगात कुणी बोळात पाय घसरून पडत नाही.

---

जमाखर्च | मंगळवार, सकाळी १०:३०

धागा आवडला, कारण आकडे आहेत. पण अर्धेच. किती गेल्या, किती पैसे आले? ९१ हजार घातले हे कळलं.

---

पाणक्या | मंगळवार, दुपारी १:१५

घ्या. ५०० पैकी ४१ भेट. दुकानांत गेल्या ११८, त्यातल्या ७० चे पैसे मिळाले. थेट वाचकांना १७८, तीनशे रुपये प्रत, टपाल त्यांचं. उरल्या १६३, दिवाणाखाली.

---

जमाखर्च | मंगळवार, दुपारी १:४०

म्हणजे दुकानांकडून १३,४७५ आणि थेट ५३,४००. एकूण ६६,८७५. तूट २४,२८५. उधारीवरच्या ४८ प्रतींचे ९,२४० आले तरी पंधरा हजारांचा खड्डा. दिवाणाखालच्या थेट विकल्यात तर मात्र ४८,९०० येतात आणि तुम्ही फायद्यात जाता. म्हणजे तोटा अजून झालेला नाही, तो दिवाणाखाली आहे.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, म्हणून लोक खूश असतात. पण त्यामुळेच छपाईच्या बिलावर तुम्ही भरलेला कर कुठेही वळता करता येत नाही. तो तुमच्या १८२ रुपयांत गाडला गेलाय. ईबुकवर कर लागतोच.

आणि प्रकाशक म्हणून तुमचंच नाव आहे ना? मग १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. पाठवलीत?

---

पाणक्या | मंगळवार, दुपारी २:०२

पाठवली. ४१ भेटींतल्या चार त्याच. कोलकात्याहून पोच आली ती फ्रेम करून लावलीय. हसू नका.

---

कोरी वही | मंगळवार, रात्री ९:२०

मीपण! म्हणजे अजून छापलं नाही, लिहून झालंय. सव्वा लाख शब्द. नायिका सासवडची, बाकी सगळं कल्पित. नोकरी हिंजवडीत, लिखाण बसमध्ये.

दोन प्रश्न. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, एकाने मला "पॅकेज" सांगितलंय, ते घ्यावं का? आणि थेट ईबुकच काढलं तर? अमीश त्रिपाठींनी २०१० साली पहिलं पुस्तक स्वतःच काढलं होतं ना? तिकडे अमेरिकेत तर २०२२ मध्ये ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकांनी वाचकांकडून थेट चार कोटी डॉलरच्या वर उभे केले, कादंबऱ्या छापण्यासाठी. आपल्याकडे असं का होऊ नये?

---

पाणक्या | मंगळवार, रात्री १०:४५

कोरी वही ताई, आयएसबीएनला एक पैसाही देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन, लेखक स्वतः करू शकतो. माझ्याकडेही एकाने तीन हजार मागितले होते. तो पुढे जो अर्ज भरणार होता तोच मी एका रविवारी भरला.

ईबुक: अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी डिसेंबर २०१६ पासून आहे. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ईबुक फक्त त्यांच्याकडेच ठेवायची अट. मी ईबुकचा आकडा वर दिला नाही, कारण लाज वाटली. एकोणीस. त्यातल्या दोन माझ्या मेव्हण्याच्या.

सँडरसन यांच्याबद्दल: त्या माणसाच्या मागे तेव्हा सतरा वर्षांची पुस्तकं होती, मोठ्या प्रकाशकांनी काढलेली. वाचक आधी जमले, पैसे नंतर. आणि अमीश इंग्रजीत लिहितात. त्यांचं पुस्तक विमानतळावर जाऊ शकतं. आपलं स्वारगेटवर जायला हवं. स्वारगेटला मी गेलो होतो, तिथे कोडी आणि व्रतवैकल्यं खपतात.

---

ऱ्हस्वदीर्घ | मंगळवार, रात्री ११:३८

धागाकर्त्याने नाव दिलं नसलं तरी वर्णनावरून पुस्तक ओळखलं. विकत घेतलंय. पूर्ण किमतीला, सूट न घेता, याची नोंद असावी.

पहिली साठ पानं कंटाळवाणी आहेत. वस्तीतल्या सात घराण्यांची वंशावळ वाचकाने पाठ करावी अशी अपेक्षा दिसते. गोष्ट ६१ व्या पानावर, पखाल फुटते तिथे सुरू होते. नंतर मात्र रात्री दोनपर्यंत वाचलं.

पान ११२ वर "उच्छवास" छापलंय. शब्द उच्छ्वास आहे. ज्या वस्तूवर कादंबरी उभी, तिचंच नाव चुकवायचं? आधी वाटलं एखादी चूक असेल, मग पेन्सिल घेऊन बसलो. शिवाय "दुसर्या", "वार्यावर". असे एकूण तेवीस. यादी तयार आहे. मुद्रितशोधनाला नऊ हजार दिलेत असं वाचलं. कशाचे?

---

खिळेजोड | बुधवार, सकाळी ६:२५

ऱ्हस्वदीर्घ, मुद्रितशोधकाला बोल लावू नका. हे काम यंत्राचं आहे. मला वाचताक्षणी कळलं.

पाणक्याजींनी लिहिलं असणार युनिकोडमध्ये. जुळणी करणाऱ्याने मजकूर श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये नेला असणार. श्रीलिपी आपल्या पुण्याचीच आणि पेठेतले निम्मे हात तिच्यावर बसलेत. या दोन लिपिसंकेतांची आतली रचना वेगळी. मधल्या रूपांतरात छ्व सारखं जोडाक्षर आणि दुसऱ्या, वाऱ्यावर यांतला आडवा र, हे दोन पहिले बळी जातात. मुद्रितशोधन जर रूपांतराच्या आधी झालं असेल तर त्याने बरोबरच वाचलं होतं. शेवटचं प्रूफ नेहमी छपाईच्या पीडीएफवर बघायचं, कागदावर काढून. खिळ्यांच्या काळात चूक माणसाची असायची, निदान कान धरता यायचा.

आणि मुखपृष्ठावरचा ल आणि श बघा. हिंदी वळणाचे असतील तर फॉन्ट बदलायला सांगा. पाकळीचा ल आणि देठाचा श मराठी.

---

पाणक्या | बुधवार, सकाळी ८:५०

काका, तुम्ही माझ्या खोलीत होतात का? तस्सं झालंय. मुद्रितशोधन वर्डच्या फाइलवर, मग रूपांतर, मग मी पीडीएफ मोबाइलवर बघून "छान" म्हटलं.

@ऱ्हस्वदीर्घ, यादी पाठवा. वंशावळीबद्दल: मान्य. लिहिताना ती साठ पानं मला सगळ्यात प्रिय होती. नकाशाही काढला होता, तो बायकोने वाचवला, म्हणजे छापू दिला नाही.

---

वाचनमात्र | बुधवार, दुपारी १२:१०

चार वर्षं नुसती वाचते इथे, पहिल्यांदा लिहितेय. पाणक्या, जादूसाठी शब्द कुठून आणलेत? मी प्रयत्न केला होता. "शक्ती", "मायावी", "दिव्य अस्त्र" लिहिलं की रविवार सकाळची पौराणिक मालिका होते. "मॅजिक" लिहिलं की भाषांतर. "जादू" म्हटलं की टोपीतला ससा. तिथेच अडकून पडलं माझं.

---

पाणक्या | बुधवार, रात्री १०:३०

या प्रश्नासाठी धागा काढला असता तरी चाललं असतं.

माझीही पहिली दोन वर्षं यातच गेली. पहिल्या खर्ड्यात जलस्तंभन होतं, वरुणविद्या होती, सगळे जण जणू मुकुट घालून बोलत होते. मग गावाला एका पाटकऱ्याशी गप्पा मारत बसलो होतो, कॅनॉलचं पाणी पाळीने सोडणारे असतात ते. ते म्हणाले, "पाणी सोडणं सोपं. मोडणं अवघड." मोडणं म्हणजे एका चरातून दुसऱ्यात वळवणं. घरी येऊन सगळी विद्या फाडली. आता माझ्या गोष्टीत मंत्र नाहीत. पाणी मोडणारे आहेत, गाळ काढणारे आहेत, पखाल शिवणारे आहेत. ज्याला पाणी "ऐकतं" त्याला पाणक्या म्हणतात, तो वस्तीत सगळ्यात खालचा समजला जातो. सगळ्यात मोठा गुन्हा तोटी उघडी टाकणं. जादू एवढीच.

तांत्रिक युक्ती म्हणाल तर एकच. संस्कृत शब्द सापडला की त्याच कामाला धुणंभांडी करणाऱ्या मावशी काय म्हणतील ते विचारायचं. विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं. "ओल धरणं", "पाणी मुरणं", "झरा आटणं", यांत आधीच निम्मी भुताटकी आहे.

---

अमरकोश | बुधवार, रात्री ११:५५

निवृत्त संस्कृत शिक्षक. उशिरा आलो, पण पाणक्या शब्द दिसला आणि राहवेना. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने कावडीने पाणी भरल्याची कथा आपल्या घराघरांत आहे. सगळ्यात खालचा पाणक्या आणि तोच देव. पैठणची गोष्ट. ही तुमच्या डोक्यात होती का?

आणि पैठण निघालंच आहे तर @मु_पो_कोथरूड यांच्या "मराठीत कशाला" बद्दल. कथासरित्सागराच्या सुरुवातीला गुणाढ्याची हकीकत येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्याच सातवाहन राजाचा हा मंत्री. त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, विद्याधरांची, सगळी अद्भुत. पण पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत, आणि रानात शाई नाही म्हणून रक्ताने. राजाने नाकारली: पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं, न्या परत. गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्निकुंड पेटवलं, एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला कोण? हरणं, रानडुकरं, रेडे. चरणं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. इकडे राजाच्या ताटातलं मांस सुकं लागायला लागलं. चौकशी केली तर शिकारी म्हणाले, जनावरं खातच नाहीत, गोष्ट ऐकतायत. राजा धावला तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरला एक लाख. मूळ पैशाचीतला तोही पुढे हरवला; सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात संस्कृतात सांगितलं ते आपल्याकडे आहे.

या भूमीतल्या पहिल्या अद्भुत लेखकाचं पुस्तक भाषा चुकीची म्हणून परत आलं होतं.

---

मु_पो_कोथरूड | गुरुवार, सकाळी ७:१५

गुरुजी, दंडवत. मान्य, प्रश्न मागे घेतो. पण एक शंका राहतेच. त्यालाही सात लाख कशाला लिहायचे होते? वंशावळ असणार.

---

खिळेजोड | गुरुवार, सकाळी ७:२२

सात लाख श्लोक. फॉर्म किती होतील मोजत बसलो आणि चहा गार झाला.

---

पाणक्या | गुरुवार, सकाळी ९:४०

@अमरकोश गुरुजी, श्रीखंड्या डोक्यात होता. आजीने सांगितलेला. गुणाढ्य नव्हता ठाऊक. जनावरांचं वाचून आजचं ऑफिस बोंबललं.

कोरी वही ताईंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय की थेट १७८ गेल्या त्या कशा. इथेच सांगतो. समाजमाध्यमांवर तीस-पस्तीस. डिसेंबरात एका प्रदर्शनात पाककृतींचं पुस्तक काढलेल्या काकूंबरोबर अर्धं टेबल घेतलं होतं, तिथे बावीस; काकूंच्या एका दिवसात साठ गेल्या, पण मला त्या रोज डबा देत होत्या. बाकीच्या सगळ्या चालत.

खरंच चालत. गेल्या पावसाळ्यानंतर मी महिन्यातून एका रविवारी लोकांना घेऊन हौदांच्या खुणा दाखवत पेठांतून फिरतो. पैसे घेत नाही. नळ कसा आला, उच्छ्वास कशासाठी, एवढी खरी माहिती सांगतो. मग शेवटच्या चौकात म्हणतो, "आता इथून खाली काय आहे ते मी बनवलेलं आहे," आणि दोन पानं वाचतो. ६१ वं आणि ६२ वं, ऱ्हस्वदीर्घ यांच्या आधीच मला ते कळलं होतं बहुतेक. वीस माणसं आली तर सात-आठ घेतात. फळीचा प्रश्न तिथे येत नाही, आम्ही उभे असतो तीच जागा असते. दुकानात हे कसं करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

---

कोरी वही | गुरुवार, सकाळी १०:०५

सासवडला फिरवू का लोकांना? पण माझं सगळं कल्पित आहे हो. दाखवू काय?

---

वाचनमात्र | गुरुवार, सकाळी १०:३०

नायिकेच्या घराजवळची एखादी विहीर असेलच ना. तिथून सुरू करा. मी येईन.

---

जमाखर्च | गुरुवार, सकाळी ११:१०

रविवारी आठ प्रती धरल्या तर १६३ ला एकवीस फेऱ्या. पावणेदोन वर्षं. एक सुचवू? दुसरा भाग असेल तर त्याआधी काढू नका.

---

पाणक्या | गुरुवार, दुपारी १:३०

दुसरा भाग लिहून झालाय. 😐

पण त्याआधी वेगळंच काम निघालंय. ऱ्हस्वदीर्घ यांची यादी आली. उरलेल्या प्रतींत त्या तेवीस जागा काळ्या पेनाने दुरुस्त करायला घेतल्यात. छ चा पाय मोडायचा आणि र ला आडवा करायचा. काल रात्री चार प्रती झाल्या.

---

जमाखर्च | गुरुवार, दुपारी १:३६

१६३ गुणिले २३. ३,७४९ दुरुस्त्या.

---

ऱ्हस्वदीर्घ | गुरुवार, दुपारी ४:२०

आपण एकटे करणार असाल तर नव्या चुका होतील. शनिवारी सकाळी मी येतो. पेन माझं, ०.३ ची निब, जाड चालणार नाही. चहा बिनसाखरेचा. आणि त्या भेट दिलेल्या चार ग्रंथालयांच्या प्रतींचं काय करायचं ते ठरवून ठेवा, कोलकात्याला चुकीचा उच्छ्वास राहून चालणार नाही.

---

खिळेजोड | गुरुवार, संध्याकाळी ६:००

पत्ता मलाही पाठवा. कोपरे वळलेल्या प्रती आधी फळीखाली दाबून ठेवा, वर दळणाचा डबा. शनिवारपर्यंत सरळ होतील.